साहेबांची चौदा हजार पावलं

सावरीचा कापूस पायांनी तुडवावा लागतो. हातांनी दाबलेली गादी पावसाळा संपायच्या आत बसते. पोकुआ रोज पहाटे चार तास कापूस तुडवायची आणि मग न्याहारी करायची. तिच्या नावाच्या कारखान्यात आता फोमच्या गाद्या होतात आणि त्या कोणी तुडवत नाही.

*

कारखान्याच्या हिशोबखात्याचे मुख्य मिस्टर ओफोरी गेल्या ऑगस्टमध्ये खुर्चीतच गेले. वय चोपन्न. सेक्रेटरीने सह्यांसाठी दोनदा फाइल नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा पहिल्या दोन तशाच होत्या.

*

घानातल्या कुमासीत मोठा माणूस पायी दिसला की लोक गाडी थांबवतात. फेब्रुवारीत पोकुआचा मुलगा आणि कारखान्याचा एमडी क्वाजो अग्येपोंग तीन दिवस सकाळी चालायला गेला. पहिल्या दिवशी नऊ जणांनी काच खाली करून विचारलं, "साहेब, गाडी बिघडली?" दुसऱ्या दिवशी एका जुन्या मित्राने दंडाला धरून आत बसवलं आणि घरी आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी ओबुआसीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "पोकुआ गाद्या बुडाल्या म्हणे. गाड्यासुद्धा गेल्या म्हणतात." चौथ्या दिवशी क्वाजो गाडीने ऑफिसला गेला.

*

क्वाजोच्या थोरल्या बहिणीला, बिरागोला, वाचता येतं, पण चष्म्याशिवाय नाही. चष्मा ती बाजारात लावत नाही. टोमॅटो बाजारात भाव ठरवणारी राणी चष्मा लावून बसली की पोरी भावात घासाघीस करायला लागतात.

*

"हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली. डॉक्टरांना दाखवा." घड्याळाचा निरोप, एकोणीस दिवसांत सात वेळा.

*

"बुधवारी जन्मलेल्यांनी आता पुढे यावं," असं पाद्री म्हणाले.

२१२ पावलं

आभाराच्या प्रार्थनेला घरातल्या सगळ्यांनी पांढऱ्यावर निळ्या नक्षीचं कापड शिवलं होतं. क्वाजो पहिल्या बाकावर बसला होता. आभार त्याच्याच हृदयाचे होते.

गोष्ट सगळ्या चर्चला पाठ झाली होती. ओफोरी गेल्यावर सेरवाने, क्वाजोच्या मुलीने, कारखान्यातल्या प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. पन्नाशीपुढच्यांनी रोज सरासरी आठ हजार पावलं चालायची. जो चालणार नाही त्याची मुदत संचालक मंडळ वाढवणार नाही. नियम एमडींनाही लागू. आणि सहा महिने सगळ्यांत पुढे कोण, तर एकसष्ट वर्षांचे एमडी. रोज चौदा हजार. मग घड्याळाने ठोके चुकत असल्याचं कळवलं. घरात उपास झाले, चर्चमध्ये तीनशे माणसांनी गुडघे टेकले आणि शुक्रवारी दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तर एकही रेघ वाकडी नाही. चमत्कार म्हणजे आणखी काय असतो?

आलेख साफ येणार हे क्वाजोला आधीच माहीत होतं. घड्याळ आठवड्यातले सहा दिवस त्याच्या हातात नसायचंच; साहेबांच्या लांब बाहीखाली कोण बघतंय? ते त्याच्या थोरल्या बहिणीच्या हातात असायचं. दर रविवारी दुपारी तो ते बिरागोकडून घ्यायचा, आकडे फोनमध्ये उतरवायचा, चार्ज करायचा आणि संध्याकाळी परत तिच्या मनगटावर बांधायचा. या आठवड्यात दवाखाना आणि चालण्याचा दिवस होता, म्हणून त्याने ते शुक्रवारीच आणलं होतं. सडसष्ट वर्षांची बिरागो टोमॅटोच्या ट्रकांमधून दिवसभर फिरायची. तिला वेगळं चालायला जावं लागत नव्हतं.

घड्याळच बिघडलंय, असं तो एकोणीस दिवस स्वतःला सांगत होता. स्वस्तातलं असेल. सेरवा कशातही पैसे वाचवते.

ज्याचा जन्म ज्या वारी, त्याने त्या वाराच्या रांगेतून नाचत जाऊन दान टाकायचं. क्वाजो सोमवारचा, त्याची रांग होऊन गेली होती. आता बुधवारची रांग निघाली. पुढे बिरागो, हातात पांढरा रुमाल, आणि मागे तिचा मुलगा बाफोर. मायलेक दोघं बुधवारचे. बिरागो नाचायला लागली की ढोलकीवालासुद्धा तिच्याकडे बघून हात चालवतो.

तिसऱ्या बाकाशी ती थांबली. रुमाल धरलेला हात खाली आला. दुसरा हात गळ्याखाली गेला आणि तिथंच राहिला. तीन ठेके गेले, चार गेले. मग ती हसली, बाकाला धरलं, घाम पुसला आणि हळू चालत दानपेटीपाशी गेली. नाचली नाही.

क्वाजोने मनगटाकडे बघितलं. ठोके चौऱ्याहत्तर. शांत. त्याचं स्वतःचं हृदय अगदी ठणठणीत होतं.

६४० पावलं

घरच्या अंगणात दोन मांडव घातले होते. मोठ्या भांड्यांत टोमॅटोतला जोलोफ भात, बकरीचा पातळ रस्सा, आणि मागे दोघीजणी उखळात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटत होत्या. धप, धप. पाहुण्यांच्या गाड्यांनी फाटक पार बुजून गेलं होतं.

बाफोरला मामीने बाजूला घेतलं तेव्हाच तो समजला. व्हिडामामी एरवी त्याला जेवायला बोलवायची, पण स्वतः वाढायची नाही. आज तिने स्वतःच्या हाताने त्याच्या ताटलीत मांडीचा तुकडा टाकला.

"खा रे. बारीक झालायस."

"मामी, मी गेल्या वर्षापेक्षा सहा किलोने वाढलोय. सेरवाच्या तक्त्यात बघा."

"तो तक्ता मेला! माणसांना बकऱ्यांसारखं वजन करून ठेवते पोरगी." व्हिडाने आवाज खाली आणला. "मंगळवारी यांची दोन वर्षांची मुदतवाढ मंडळापुढे येतेय. तू हात वर करशील ना?"

"मी वर नाही केला तर?"

"तर लोक म्हणतील, भाच्याला धीर निघाला नाही." ती हसली. "खुर्ची तुझीच आहे बाफोर. आज्जीचा कारखाना, बहिणीच्या मुलाकडे जाणार. आपल्यात तसंच आहे, मी काही कोर्टात जाणार नाही. फक्त दोन वर्षं दे. सेरवाचं बस्तान बसू दे."

"म्हणजे मामांच्या हृदयासाठी नाही, सेरवाच्या खुर्चीसाठी."

"दोन्हीसाठी. मी बायको आहे, आईपण आहे. एका वेळी एकच असायला मला कुठं वेळ आहे?"

हे खरं होतं, म्हणून बाफोरला हसू आलं. पण त्याने होकार दिला नाही. त्याच्याजवळ एक गोष्ट होती आणि ती मंगळवारी काढायची की नाही हे ठरत नव्हतं.

काल कारखान्याचा वार्षिक चालण्याचा दिवस होता. चारशे माणसं पिवळे टी-शर्ट घालून, पाठीवर 'पाय हलवा, आयुष्य वाढवा', पुढे ट्रकवर बँड. सात किलोमीटर. रोज चौदा हजार पावलं चालणारे मामा दुसऱ्या किलोमीटरलाच बँडच्या ट्रकवर चढले. "लोकांना वरून उत्साह देतो," म्हणाले. चढताना बाफोरने त्यांना हात दिला. मामांचं मनगट त्याच्या नाकासमोर आलं. घड्याळाचा काळा रबरी पट्टा तिसऱ्या भोकात अडकवला होता, पण ते भोक कोरं होतं. झिजून मोठं झालं होतं ते दुसरंच. अगदी तबकडीजवळ, कुठल्या तरी बारीक मनगटाच्या मापाचं, कडा वितळलेलं.

कोणीतरी दुसराच चालतोय. फाटकावरचा पहारेकरी असेल, असं बाफोरला वाटलं. मंगळवारी सगळ्यांदेखत पट्टा मागायचा, बस. मामांनी त्याला सायकल शिकवली होती, फी भरली होती, बाप गेला तेव्हा वर्षभर स्वतःच्या खोलीत झोपवलं होतं. आणि चार वर्षांपूर्वी म्हणाले होते, "साठीला मी उठतो." उठले नव्हते.

"मंगळवारचं मंगळवारी बघू, मामी," तो म्हणाला.

७०२ पावलं

कारखान्याच्या नर्सबाई डोरकास पाहुण्यांत एकट्याच जेवत नव्हत्या. सेरवा ताटली घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"सिस्टर, आज तरी हसा. तुमचा पेशंट बरा झालाय."

"कोण म्हणालं?"

"आलेख म्हणाला. तीनशे माणसं म्हणाली. पाद्री म्हणाले."

"आलेखाचं मशीन दहा सेकंद बघतं," डोरकास म्हणाल्या. "घड्याळ दिवसरात्र बघत होतं. अशी हृदयं असतात, मधूनच भरकटतात, परत वळणावर येतात. आणि एखाद्या दिवशी रक्ताची गुठळी मेंदूकडे जाते. मी शुक्रवारीच म्हटलं, परत तपासा. तर तुझी आई म्हणाली, सिस्टर, विश्वास कमी आहे तुमचा."

"आई तसं बोलते. मनावर घेऊ नका."

"मनावर नाही, कागदावर घेतलं." डोरकासनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "हे बघ. बारा तारीख. सकाळी नऊ ते दुपारी चार, नऊ हजार पावलं. ठोके एकशेअठरा. त्या दिवशी काय होतं?"

सेरवाने तारीख बघितली. बारा तारखेला मंडळाची बैठक होती, नऊ ते चार. बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते आणि ती त्यांच्या शेजारी. जेवणसुद्धा जागेवरच आणलं होतं.

फुफूचं मुसळ पडत होतं. धप, धप.

"सिस्टर," सेरवा म्हणाली, "हे कोणाला दाखवलंत?"

"कोणाला दाखवू? ही योजना तुझी. तूच म्हणालीस, आकडे खोटं बोलत नाहीत."

योजना सेरवाची होती आणि तिचा तिला अभिमान होता. अक्राच्या दोन कंपन्यांनी नियम मागवून घेतले होते. सगळ्या भाषणांत तिचं शेवटचं वाक्य एकच असायचं: माझे वडील एकसष्ट वर्षांचे आहेत, आणि ते सगळ्यांत पुढे चालतात.

पहिल्यांदा तिला लाज वाटली. ती ओसरल्यावर मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि तिने ताटली खाली ठेवली.

"मग हे हृदय कोणाचं आहे?"

"तेच तर," डोरकास म्हणाल्या. "तेवढ्यासाठी मी थांबलेय. जेवणासाठी नाही."

७१९ पावलं

क्वाजो बोलायला उठला तेव्हा सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. त्याने काय बोलायचं हे गाडीत ठरवलं होतं आणि मांडवात येईपर्यंत दोनदा बदललं होतं. मुलगी त्याच्याकडे रोखून बघत होती. ती कशी बघते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तिला कळलं होतं.

"माझ्या माणसांनो," तो म्हणाला, "आज मला..."

"थांब रे," बिरागो म्हणाली.

ती उठली. टेबलाला धरून, पण उठली. घरात थोरली ती, त्यामुळे क्वाजोला खाली बसावं लागलं.

"सगळे याच्या हृदयाचे आभार मानतायत," बिरागो म्हणाली. "माझे राहिलेत. याने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून सहा महिने ठेवलं. टोमॅटो बाजारात तोंड बंद ठेवणं म्हणजे काय हे मलाच माहीत."

लोक हसले. क्वाजो अर्धवट उठला.

"ताई, नंतर बोल ना."

"नंतर कधी? माणसं आता जमलीत. फेब्रुवारीत एका रविवारी हा माझ्याकडे आला. एकटाच, ड्रायव्हर नाही. माझ्या हातात घड्याळ बांधलं. म्हणाला, ताई, तू फार फिरतेस, हे तुझी काळजी घेईल, बाहीखाली ठेव. मी म्हटलं, माझा नवरा गेल्यापासून माझ्या हाताला कोणी हात लावला नाही, आणि हा माझं मनगट मापतोय! आमच्या आईने याला पाठीला बांधून कापूस तुडवला. मी बाजूला बसून शिवायची. एवढा मोठा साहेब झाला, पण विसरला नाही. आज चर्चमध्ये मी दोन नाणी टाकली. एक याच्यासाठी, आणि एक माझ्यासाठी, की मला असा भाऊ दिलास."

मांडवात कोणीतरी "आमेन" म्हणालं. मग आणखी दोघं म्हणाले. मग माना वळल्या, कारण बाफोर उठला होता.

"आई, घड्याळ कुठंय?"

"रविवारी हा घेतो ना. चार्ज करायला. या वेळी शुक्रवारीच नेलं."

सगळे क्वाजोच्या मनगटाकडे बघायला लागले.

"अगं बाई, ते दुसरं!" व्हिडा मोठ्याने म्हणाली. ती हसतसुद्धा होती. "यांनी दोन घेतली होती. एक वन्संना, एक स्वतःला. सारखीच दिसतात. वन्संचं गाडीत राहिलं असेल. हो ना, अहो?"

सुटकेचा रस्ता तयार होता. सहा महिन्यांत बायकोने त्याला एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता एका श्वासात तिने सगळी भिंत बांधून दिली होती. फक्त 'हो' म्हणायचं. मंगळवारी हात वर होतील, सेरवा गप्प बसेल, ताई आयुष्यभर दुवा देत राहील. आणि आयुष्यभर म्हणजे किती, हे त्या सात निरोपांना माहीत होतं.

बिरागो उभीच होती. तिचा डावा हात परत गळ्याखाली गेला होता.

क्वाजोने घड्याळ काढलं.

"दुसरं घड्याळ नाही," तो म्हणाला. "एकच आहे. सेरवाने मला चालायला दिलं होतं. माझ्याच्याने होईना. लोक विचारतात, गाडी बिघडली का. गुडघा दुखतो. खरं सांगायचं तर कंटाळा येतो. म्हणून मी ते ताईच्या हातात बांधलं. चौदा हजार पावलं तिची आहेत. मी दिवसाला सातशे चालतो."

"बाबा," सेरवा म्हणाली.

"मंगळवारी माझं नाव काढून टाक. ते नंतर. आधी हे ऐका. घड्याळाने सांगितलं ते हृदय माझं नव्हतं. मी एकोणीस दिवस गप्प बसलो. ते ताईचं आहे."

बाफोरला त्या पट्ट्यासाठी कालपासून जपून ठेवलेलं वाक्य आठवलं आणि त्याची किळस आली. तो बारीक मनगटाचा पहारेकरी त्याची आई होती. नव्या बाजाराचे जिने चढताना दम लागतो, असं तिने त्याला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आणि तो म्हणाला होता, लिफ्टने जात जा.

"मामा," तो म्हणाला. "एकोणीस दिवस?"

"हो."

बाफोर दोन पावलं पुढे आला. सगळ्यांना वाटलं आता हात उचलतो. डोरकास मध्ये आल्या, त्याला कोपराने बाजूला सारलं आणि बिरागोचं मनगट धरलं.

"भांडण नंतर. मला मोजू दे. ते मुसळ बंद करा कोणीतरी!"

मुसळ थांबलं. डोरकासचे ओठ हलत होते. एक मिनिट फार लांबलं.

"दोन पडतात, एक चुकतो, मग चार धावत येतात," त्या म्हणाल्या. "मोठ्या इस्पितळात. आत्ता. चालायचं नाही, बिरागोबाई. एक पाऊल नाही."

बिरागो हळूच खाली बसली. ती डोरकासकडे नाही, भावाकडे बघत होती.

"म्हणजे मला दिलं नव्हतंस?"

"नाही, ताई."

"माझी काळजी घेईल म्हणालास ते?"

"खोटं होतं."

बिरागोने पांढऱ्या रुमालाची घडी घालून तो मांडीवर ठेवला. व्हिडा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मघाशी खोटं बोललेली तीच व्हिडा आता रडत होती.

"पावलं माझी, शाबासकी तुझी," बिरागो म्हणाली. "आजार माझा, उपास तुझ्या नावाने. देवाला आज हिशोब लावताना ताप होणार बघ."

कोणी हसायचं धाडस केलं नाही.

"हसा की! मी मेले नाही अजून." तिने श्वास घेतला. "तीनशे माणसं गुडघे टेकून काय म्हणत होती, पाद्रीबुवा?"

"की... हे हृदय सांभाळ," पाद्री म्हणाले.

"नाव घेतलंत?"

"एमडींचं घेतलं."

"नावाचं सोडा. हृदय कुठलं, तर घड्याळातलं. म्हणजे माझंच. तुम्ही सगळे एकोणीस दिवस माझ्यासाठी उपाशी राहिलात आणि तुम्हाला पत्ताच नव्हता." ती व्हिडाकडे वळली. "तूसुद्धा, नाही का गं? माझ्यासाठी! तीस वर्षांत पहिल्यांदा."

आता व्हिडालाच आधी हसू फुटलं, रडता रडता. मग मांडव हसला.

"ऊठ, क्वाजो. तिकडे मान खाली घालून बसू नकोस. घड्याळ बांध मला. सेरवा, ते याचं नाही आता. तुझ्या यादीतून काढ."

"काढते, आत्या."

क्वाजोने घड्याळ बांधलं. त्याच्या बोटांना ते भोक न बघता सापडलं.

० पावलं

गाड्या निघेनात. फाटकाशी एकामागे एक अकरा उभ्या होत्या आणि तिसरीचा मालक किल्ली घेऊन कुठे गेला होता ते कोणाला ठाऊक नव्हतं. हमरस्ता पावणेचारशे मीटरवर.

बाफोरने मांडवातली प्लास्टिकची खुर्ची आणली. आईला तिच्यात बसवलं, मागचे पाय धरले आणि समोर बघितलं. पुढचे पाय धरायला कारखान्याचे तीन अधिकारी धावले होते. क्वाजोने त्यांना बाजूला केलं.

"मामा, तुमच्याच्याने नाही होणार."

"धर."

"शंभर पावलांत बसाल खाली."

"बाफोर, धर म्हणतो ना."

उचलली. पहिल्या पन्नास पावलांत क्वाजोचा सदरा पाठीला चिकटला. फाटकाबाहेर पहिल्यांदा खुर्ची टेकवली. झाडाखाली दुसऱ्यांदा. तोंडाने श्वास घेत होता आणि गुडघा वाजत होता. मागून पांढरी-निळी कापडं नेसलेला अख्खा मांडव चालत येत होता. डोरकास बाजूने चालत ओरडत होत्या, "साहेब, नाकाने! नाहीतर मला दोन खुर्च्या लागतील!"

"राजाला असंच नेतात ना?" बिरागो वरून म्हणाली. "छत्री विसरलात तुम्ही."

"बोलू नकोस आई," बाफोर म्हणाला.

"मग याला बोलायला सांग. काय रे साहेबा, किती झाली?"

"मोजत नाही," क्वाजो धापा टाकत म्हणाला.

"उद्यापासून मोज. सहा वाजता बाजारात यायचं. माझ्या वाटची तू चालायचीस, मी बरी होईपर्यंत. पोरींना भाव सांगायचा. टोमॅटो दाबून बघायचे नाहीत, रागावतात त्या."

"आणि बरी झालीस की?"

"मग दोघं चालू. तुला कोण सोडतंय?"

तिसऱ्यांदा टेकवली तेव्हा बाफोर पुढे आला. क्वाजोला वाटलं, आता म्हणेल ते ऐकून घ्यायचं. बाफोरने खिशातला रुमाल काढून मामाच्या डोळ्यांतला घाम पुसला आणि परत मागे जाऊन पाय धरले.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"पण तुम्ही ते तिच्या हाताला बांधलं नसतं, तर हे आम्हाला कळलंच नसतं. तेवढ्याचे आभार. तेवढ्याचेच."

"तेवढे पुरेत."

हमरस्त्यावर एक मोठी गाडी करकचून थांबली. काच खाली आली. कोणीतरी गाद्यांचा व्यापारी होता, ओळखीचा.

"एमडीसाहेब? पायी? गाडी बिघडली का?"

"हो," क्वाजो म्हणाला. "केव्हाचीच. माझ्या ताईला इस्पितळात न्या."

बिरागोला मागच्या सीटवर ठेवलं. बाफोर तिच्याजवळ बसला, डोरकास पुढे. क्वाजोला जागा उरली नाही. गाडी निघाली तेव्हा बिरागोचा हात खिडकीतून बाहेर होता आणि घड्याळावर सूर्य चमकत होता. क्वाजो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग इस्पितळाच्या दिशेने चालायला लागला. सेरवा मागून आली आणि त्याच्या बरोबरीने चालू लागली. त्या रस्त्यावर आणखी पाच गाड्या थांबल्या. दोघांनी पाचांनाही हात करून पुढे पाठवलं.

*

कंपनीने पट्ट्याला बारा भोकं पाडली होती. बारावंसुद्धा बिरागोच्या मनगटाला सैल व्हायचं. तेरावं क्वाजोने फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, तिच्या चुलीवर खिळा तापवून, तीनदा माप घेऊन स्वतः पाडलं होतं, आणि पट्टा बांधण्याआधी तो गार होईपर्यंत फुंकत बसला होता.